नदीकाठचे नाणे आणि त्याचा पत्ता

पावसाळा सरून नदीचे गढूळ पाणी निवळले आणि पात्र आक्रसू लागले, की तीर्थक्षेत्रांच्या घाटांखाली आणि पुलांच्या खांबांशी एक जुना उद्योग सुरू होतो. दोरीच्या टोकाला चुंबक बांधून तो पाण्यातून ओढणारी मुले, पाटी पाटी वाळू चाळणीतून गाळणारी बायामाणसे, कमरेइतक्या पाण्यात उभे राहून पायाच्या अंगठ्याने तळ चाचपणारे तरुण, ही दृश्ये नदीकाठी राहणाऱ्याला नवी नाहीत. भाविकाने श्रद्धेने सोडलेला पैसा नदी स्वतःजवळ ठेवीत नाही. आज ना उद्या ती तो दुसऱ्या कोणाच्या तरी हाती देते. सराफकट्ट्याची माती धुऊन सोन्याचे कण वेचणारे झारेकरी आणि पूर्व विदर्भात नद्यांची वाळू धुणारे सोनझारी यांचा व्यवसायही याच कुळीतला. गरिबाच्या पोटाचा हा मार्ग आहे आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडण्याचे कारण नाही.

अलीकडे मात्र या मंडळींत एक नवा गडी सामील झाला आहे. हातात लांब दांडी, दांडीच्या टोकाला जेवणाच्या ताटलीएवढे कडे, कानांवर श्रवणिका आणि कमरेला लहानसे खुरपे अशा थाटात तो नदीकाठच्या दरडी आणि टेकाडे धुंडाळीत असतो. जमिनीखालचा धातू ओळखणारे हे यंत्र आता काही हजार रुपयांत घरपोच मिळते. ते विकत घेण्यास परवाना लागत नाही. कोठे वापरावे आणि कोठे वापरू नये, हेही विकणारा सांगत नाही.

चुंबकवाल्या मुलात आणि या यंत्रवाल्यात वरवर पाहता फारसे अंतर दिसत नाही. वस्तुतः ते फार मोठे आहे. चुंबकाला मुख्यतः लोखंड व पोलाद कळते. आपल्याकडे १९८८ पासून पोलादी नाणी पाडली जाऊ लागली, ती त्याला चिकटतात. तांब्याची शिवराई, चांदीचा चांदवडी रुपया, सातवाहन राजांचे शिशाचे किंवा पोटीनचे नाणे यांच्याकडे चुंबक ढुंकूनही पाहत नाही. म्हणजे चुंबकवाला मुलगा कालपरवाचा पैसा काढीत होता आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा ठेवा त्याच्या हातून अनायासे सुरक्षित राहत होता. नव्या यंत्राला हा भेद ठाऊक नाही, किंबहुना जुन्याचीच त्याला अधिक ओढ आहे. प्रश्न उभा राहतो तो येथे, आणि त्याचा विचार आपल्या शासनाने, विद्यापीठांनी आणि वृत्तपत्रांनीही अद्याप पुरेशा गांभीर्याने केलेला नाही.

यंत्राची कुळकथा

या यंत्राचा जन्म खजिन्याच्या लोभातून झालेला नाही, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. १८८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात रुतलेली ती गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने तारेच्या वेटोळ्यांचे एक उपकरण तयार करून अध्यक्षांच्या बिछान्यापाशी नेले. प्रयत्न फसला. डॉक्टरांनी शरीराची एकच बाजू तपासू दिली, गोळी दुसऱ्या बाजूला होती, आणि गादीतील पोलादी स्प्रिंगांनीही उपकरणाची दिशाभूल केली असे सांगतात. सप्टेंबरमध्ये गारफील्ड यांचा मृत्यू झाला. पुढे १९३० च्या दशकात गेरहार्ड फिशर या अमेरिकेत स्थायिक झालेल्या संशोधकाने हाताने वाहून नेता येईल असे यंत्र सिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंग हुडकणारे यंत्र तयार केले आणि १९४२ मध्ये एल अलामीनच्या वाळवंटात त्याचा उपयोग झाला. युद्ध संपल्यावर ही विद्या सैनिकांच्या हातून हौशी माणसांच्या हातात आली.

यंत्राचे तत्त्व विज्ञानाच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. कड्यातील वेटोळ्यातून दिशा बदलता विद्युत्प्रवाह सोडला, की भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. जमिनीतील धातूच्या तुकड्यात त्यामुळे भोवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होतात. त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते आणि कानात आवाज उठतो. तांबे, चांदी, लोखंड यांचे प्रतिसाद वेगवेगळे असल्याने सराईत माणूस आवाजावरूनच खाली खिळा आहे की नाणे, याचा अंदाज बांधतो. सुटे नाणे वीतभर खोलीवर असेल तोवर ते सापडण्याची शक्यता चांगली. त्याखाली सामान्य यंत्राची दृष्टी मंदावते. यंत्राला धातू कळतो, काळ कळत नाही. बाटलीचे बूच आणि नहपानाचा द्रम्म या दोहोंसाठी ते सारख्याच तत्परतेने ओरडते. आणि ज्या मातीत ती वस्तू पडली आहे त्या मातीविषयी तर ते काहीच सांगत नाही.

पात्र आणि पांढर

नदीकाठी नाणी का सापडतात, याचे उत्तर आपल्या वस्तीच्या इतिहासात आहे. दख्खनमध्ये माणसाने शेती करून स्थिर राहण्यास आरंभ केला तो गोदावरी, प्रवरा, भीमा, तापी यांच्या काठांवर. पुढे व्यापारी मार्ग नद्या ओलांडीत ते ठरावीक उतारांवरच. जेथे उतार तेथे मुक्काम, जेथे मुक्काम तेथे बाजार आणि जेथे बाजार तेथे पैसा सांडणे ओघानेच आले. त्यात तीर्थाला नाणे वाहण्याची प्रथा. पैठण, नेवासे, नाशिक, तेर, भोकरदन, कऱ्हाड, कोल्हापूर ही आपली प्राचीन नगरे नदीकाठचीच आहेत. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४५ च्या सुमारास रोमन धाटणीची पोसायडनची कांस्यमूर्ती निघाली. समुद्राचा परदेशी देव समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या या बाजूला काय करीत होता, या प्रश्नाने भल्याभल्या पंडितांना चाळवले.

परंतु नदीकाठ हा एकजिनसी नाही. प्रत्यक्ष पात्रात, वाळूत आणि गोट्यांत पडलेले नाणे पुराने अनेकदा उचलून आपटलेले असते. जड वस्तू प्रवाह मंदावतो तेथे, वळणाच्या आतल्या अंगाला किंवा मोठ्या धोंड्याच्या आडोशाला बसते. शिवकालीन पैसा आणि व्हिक्टोरिया राणीचा पाव आणा तेथे शेजारी शेजारी सापडू शकतात. त्या शेजारातून काही सिद्ध होत नाही. पात्राच्या वर, दरडीच्या माथ्यावर मात्र आपल्या खेडुतांनी ज्याला ‘पांढर’ म्हटले ती जागा असते. पिढ्यानुपिढ्यांच्या चुलींची राख, पडक्या भिंतींची माती, शेण आणि केरकचरा यांनी ती जमीन पांढुरकी झालेली असते. ‘काळी’ ही पिकाची आणि ‘पांढरी’ ही वस्तीची, असा भेद आपल्या शेतकऱ्याने पुरातत्त्व हे शास्त्र जन्माला येण्यापूर्वीच केला होता, आणि डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी गावोगाव हिंडताना पहिली चौकशी केली ती पांढरीच्या टेकाडाचीच. या टेकाडात थरावर थर रचलेले असतात. खालचा थर जुना, वरचा अलीकडचा. नाणे कोणत्या थरात, कोणत्या खापरांबरोबर, जळक्या धान्याशेजारी की घराच्या जमिनीखाली पुरलेल्या मडक्यात मिळाले, यावरून त्याचा आणि त्याच्या भोवतालच्या प्रत्येक वस्तूचा काळ उलगडतो. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली प्रवरेकाठी नेवासे येथे झालेल्या उत्खननाचे मोल कशात असेल, तर ते या थरांच्या काटेकोर वाचनात.

यंत्रवाला टेकाडावर चढतो तेव्हा तो या पोथीची पाने न वाचता त्यांतील सोनेरी अक्षरे तेवढी खरवडून काढतो. वीतभर खोल, हातभर रुंद असा एक खड्डा कोणाला क्षुल्लक वाटेल. असे शंभर खड्डे एका टेकाडावर पडले, म्हणजे वरच्या थरांची सरमिसळ होऊन जाते आणि ती दुरुस्त करण्याची विद्या जगात कोठेही उपलब्ध नाही.

जोगळटेंभीचे मडके

हे सारे हळवे पांडित्य आहे, एखाद्या गरिबाला चार चांदीची नाणी मिळाली तर बिघडले कोठे, असा आक्षेप घेणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी नाशिक जिल्ह्यातील एक उदाहरण पुरेसे आहे. १९०६ मध्ये गोदाकाठच्या जोगळटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा उघडकीस आला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तो बारकाईने तपासून मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. नाणी तेरा हजारांहून अधिक होती आणि सारी क्षहरात क्षत्रप नहपान याच्या नावाची. त्यांपैकी सुमारे सव्वानऊ हजार नाण्यांवर, म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. त्यांच्याखालून पराभूत क्षत्रपाचा चेहरा अर्धवट डोकावतो आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्री या राजमातेचा शिलालेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निपटून काढला, असे तीत अभिमानाने सांगितले आहे. आईने मुलाची केलेली स्तुती इतिहासकाराने कितपत खरी मानावी? जोगळटेंभीच्या मडक्याने त्या लेखावर साक्ष दिली. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याची नाणी आपल्या शिक्क्याखाली आणली होती आणि तरीही एक तृतीयांश नाणी शिक्क्यावाचून तशीच राहिली होती. राज्य बदलत असताना नेमक्या मधल्या क्षणी कोणीतरी आपली पुंजी मातीत पुरली. त्याच लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण असा भाव नोंदलेला आहे. लेखातील तो हिशेब आणि मडक्यातील चांदी एकमेकांसमोर ठेवली, म्हणजे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा नाशिकचा बाजार डोळ्यांपुढे उभा राहतो.

आता हीच नाणी पाच जणांनी वाटून घेतली असती, निम्मी सराफाच्या मुशीत गेली असती आणि उरलेली एक-दोन करून मुंबईच्या व्यापाऱ्याकडे पोचली असती, तर काय उरले असते? नहपानाचे एक सुंदर नाणे, आणि दुसरे गौतमीपुत्राने ठोकलेले. दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश हे प्रमाण उरले नसते. आणि खरा पुरावा त्या प्रमाणातच होता. नाण्याचा साठा हा एकत्र असेपर्यंतच बोलतो.

याच्या उलट कथा प्रवराकाठच्या दायमाबादची. १९७४ मध्ये तेथील एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना काशाची चार शिल्पे मिळाली: हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैल जुंपलेला, माणूस उभा असलेला रथ. एकूण वजन साठ किलोंहून अधिक. भारतीय धातुकलेच्या इतिहासात इतके भारदस्त आणि इतके जिवंत काम विरळाच. ती वितळली नाहीत, हे आपले थोर भाग्य. पण ती शास्त्रज्ञाच्या डोळ्यांदेखत थरातून निघालेली नव्हती, त्यामुळे त्यांच्या वयाचा वाद लागला. प्रा. म. के. ढवळीकरांसारखे विद्वान त्यांना उत्तर हडप्पाकालीन, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानतात. धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून डी. पी. अगरवाल यांनी त्याविषयी शंका घेतली. १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांनी तेथे मोठे उत्खनन केले आणि शिल्पांचा संबंध उत्तर हडप्पा वस्तीशी जोडला. तरीही ‘ती प्रत्यक्ष कोणत्या थरात होती’ या साध्या प्रश्नाभोवती एवढी विद्वत्ता खर्ची पडली, हे विसरता येत नाही. त्या शेतकऱ्याचा यात तिळमात्र दोष नाही. तो यंत्र घेऊन खजिना शोधीत नव्हता. पण अपघाताने पत्ता हरवला तर एवढा घोळ होतो; मुद्दाम हरवला तर किती होईल, याची कल्पना यावरून करावी.

दहा रुपयांचा कायदा

आपल्याकडे या विषयाचा मूळ कायदा १८७८ चा आहे. जमिनीत दडलेली आणि दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू ज्याला सापडेल, त्याने ती जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवून एक तर सरकारी खजिन्यात जमा करावी किंवा जामीन द्यावा, असे हा कायदा सांगतो. मग जाहीर नोटीस निघते, दावेदार बोलावले जातात, चौकशी होते. ठेवा बेवारस ठरला आणि जागेच्या मालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश मालकाचा. इंग्रजांचा कायदा म्हणून त्याला नावे ठेवण्याची सवय आहे. पण शोधणाऱ्याला इतका उदार वाटा देणारी ही तरतूद पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटेल.

घोडे पेंड खाते ते वेगळ्याच ठिकाणी. सरकारला तो ठेवा स्वतःकडे घ्यावयाचा असल्यास त्यातील द्रव्याची, म्हणजे धातूची, किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा एवढी रक्कम देण्याची सोय कायद्यात आहे. सोन्याच्या होनांना हा हिशेब कदाचित परवडेल. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्याला धातूचा भाव लावला तर पदरात काय पडणार? संशोधकाच्या लेखी जे अमोल, ते कायद्याच्या तराजूत भंगार. उलट ठेवा लपविल्यास वाटा जप्त आणि एक वर्षापर्यंत कैद. अशा स्थितीत पाया खणताना मडके लागलेला मजूर काय करील? तलाठ्याकडे जाणे, पंचनामा, पोलीस, ‘आणखी कोठे लपवले आहेस’ हा प्रश्न आणि वर्षानुवर्षे चालणारी चौकशी हे सारे त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. तो मडके गपचूप फोडतो, साथीदारांत वाटणी करतो आणि रात्रीतून सराफ गाठतो. वाटणीत भांडण झाले तरच बातमी बाहेर फुटते. आपल्या कित्येक ठेव्यांचा शोध पुरातत्त्वज्ञांनी लावला नसून भावकीतल्या मत्सराने लावला आहे, असे कोणी म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त ठरणार नाही.

१९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची निर्यात आणि परवान्याविना व्यापार त्याने रोखला. तो मूर्तिचोरांना डोळ्यांपुढे ठेवून रचलेला असल्याने शेताच्या बांधावर सापडलेल्या सुट्या नाण्याची नोंद कोणी, कोठे आणि कशी करावी, याचे सोपे उत्तर त्यात सामान्य माणसाला सापडत नाही. संरक्षित स्थळांवर विनापरवाना खोदकाम हा गुन्हा आहे, हे खरे. परंतु पांढरीची बहुसंख्य टेकाडे संरक्षित नाहीतच.

त्यात गुप्तधनाची भर. नाग राखण करतो, पायाळू माणसाला धन दिसते, अमावास्येला बळी दिला की हंडा वर येतो, या समजुतींनी आपल्याकडे माणसांचे जीव घेतलेले आहेत. महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, त्याच्या अनुसूचीत धनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मांत्रिकाच्या हातात आता लिंबाच्या जोडीला यंत्रही असू शकते. विज्ञानाचे साधन आले म्हणजे वैज्ञानिक दृष्टी आली असे होत नाही, याचे याहून बोलके उदाहरण कोणते द्यावे?

थेम्सकाठचा धडा

इंग्लंडमध्ये हा छंद फार फोफावला आणि त्याचे कडूगोड दोन्ही अनुभव त्या देशाने घेतले. १९८० च्या सुमारास तेथील पुरातत्त्वज्ञांनी या यंत्रवाल्यांविरुद्ध मोठी मोहीम उघडली. तिने छंदिष्ट दुरावले, चोर मात्र थांबले नाहीत. सरे परगण्यात वॉनबरो येथे रोमनकालीन मंदिराची जागा १९८० च्या दशकात रात्रीबेरात्री अक्षरशः लुटली गेली आणि जुन्या कायद्याने गुन्हेगारांना शिक्षा होणे कठीण झाले. त्यातून १९९६ चा नवा कायदा आला. ठेवा सापडल्यापासून चौदा दिवसांत कळविणे बंधनकारक. संग्रहालयाने तो घेतला तर धातूची नव्हे, बाजाराची किंमत. आणि ती सामान्यतः शोधणारा व जमीनमालक यांच्यात निम्मी निम्मी. १९९७ पासून सुट्या वस्तूंची ऐच्छिक नोंद करण्याची योजना सुरू झाली. परगण्यापरगण्यात नेमलेला तज्ज्ञ लोकांनी आणलेली वस्तू पाहतो, मोजतो, सापडल्याची जागा नोंदवतो आणि वस्तू परत करतो. पंधरा लाखांहून अधिक वस्तू अशा रीतीने नोंदल्या गेल्या आहेत.

लंडनमध्ये थेम्सच्या ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलात शोध घ्यावयाचा तर बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो. सामान्य परवान्यावर साडेसात सेंटिमीटरांपेक्षा खोल खणता येत नाही आणि तीनशे वर्षांहून जुनी वस्तू लंडनच्या संग्रहालयाला दाखवावी लागते. नदीपात्राला एक नियम आणि प्राचीन वस्तीच्या स्थळाला दुसरा, ही त्यातील सुज्ञता आपण लक्षात घेण्याजोगी आहे.

१९९२ मध्ये सफकमधील हॉक्स्न गावी एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. तो शोधण्यासाठी मित्र यंत्र घेऊन आला आणि सापडली रोमन काळातील सोन्याचांदीची नाणी. गृहस्थाने थोडेसे खणून पाहिले आणि मग हात आवरून अधिकाऱ्यांना कळविले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी ते सारे जागच्या जागी उलगडले. नाणी सुमारे पंधरा हजार. शिवाय ज्या लाकडी पेटीत ती ठेवली होती तिचे अवशेष आणि आतली मांडणीही कळली. साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस त्याने त्या शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हरवलेला हातोडाही मिळाला. आता तो ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

आणखी बोधप्रद आहे ती २०१५ या एकाच वर्षातील जोडगोळी. ऑक्सफर्डशायरमधील वॉटलिंग्टन येथे एका यंत्रवाल्याला नवव्या शतकातील सुमारे दोनशे चांदीची नाणी मिळाली. त्याने कळविले आणि मातीच्या ढेकळासकट ती उचलून नेण्यात आली. वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा चेओलवुल्फ या दोन राजांनी एकाच धाटणीची नाणी पाडली होती, हे त्यांतून ठळकपणे पुढे आले. इतिवृत्तकारांनी ज्याला कळसूत्री बाहुले ठरविले, तो चेओलवुल्फ आल्फ्रेडचा बरोबरीचा मित्र होता. त्याच वर्षी हेरफर्डशायरमध्ये दोघांनी तशाच काळाचा आणि बहुधा अधिक मोठा साठा काढला, लपविला आणि तुकड्या-तुकड्यांनी विकावयास काढला. २०१९ मध्ये त्यांना दीर्घ मुदतीची कैद झाली. सुमारे तीनशे नाण्यांपैकी हाती लागली ती मोजकीच. एका साठ्याने एका राजाची अब्रू परत मिळवून दिली. दुसऱ्याने काय सांगितले असते, ते आता कोणालाच कळणार नाही.

आपल्याकडे काय व्हावे

इंग्लंडची योजना उचलून येथे लावावी, असे माझे म्हणणे नाही. बाजारभावाने बक्षीस द्यावयास तिजोरी लागते, परगणावार तज्ज्ञ नेमावयास माणसे लागतात, आणि आपली टेकाडे त्यांच्यापेक्षा किती तरी अधिक व अधिक उघडी आहेत. पांढरीच्या टेकाडावर यंत्र चालविण्यास पूर्ण बंदी असावी, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. पण निव्वळ बंदीचा फलक लावून जबाबदारी संपविण्याची आपली जी प्रशासकीय रीत आहे, ती येथे उपयोगी पडणार नाही.

शिवाय न्याय करावयाचा तर पुरतेपणी करावा. वीतभर खड्डा करणाऱ्या यंत्रवाल्यावर टीका करताना अख्खे टेकाड ट्रॅक्टरने उचलून नेणाऱ्यांकडे डोळेझाक कशी करता येईल? पांढरीची माती खत म्हणून शेतात पसरण्याची प्रथा जुनी आहे. वीटभट्ट्यांनी दरडी कापल्या. आणि वाळूच्या उपशाने नदीपात्राचा तळच हलविला. ज्या पात्राचा उपसा रात्रंदिवस यंत्रांनी चालतो, तेथे चाळणी घेऊन बसलेल्या बाईला पोलिसाने हटकावे, हा विनोद फारसा हसण्यासारखा नाही.

हौशी माणूस हा शत्रूच असतो असेही नाही. तेरणेकाठच्या तेर गावात रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनी आपल्या गावच्या टेकाडांवरून, पावसाने धुऊन निघालेल्या मातीतून मणी, नाणी, मृण्मूर्ती वर्षानुवर्षे वेचल्या. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेरला उभे आहे. ‘तगर’ या नावाने ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक असलेल्या नगराविषयी जे आपल्याला कळले, त्यात या संग्रहाचा वाटा मोठा आहे. वस्तू गावातून आली आणि गावातच राहिली, म्हणून तिचा पत्ता शाबूत राहिला.

तेव्हा व्हावे ते असे. सुट्या नाण्याची नोंद करण्यासाठी दरेक तालुक्याला एक ठिकाण असावे आणि तेथे पोलिसाची छाया नसावी. पंधरवड्याच्या आत नोंद करणाऱ्याला वस्तू परत मिळावी, निदान पोच आणि रास्त मोबदला तरी मिळावा. धातूच्या वजनावर किंमत ठरविणारे जुने कलम बदलावे. पात्रातील शोधाला थेम्सप्रमाणे मर्यादित परवाना द्यावा. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, पुण्यात डेक्कन कॉलेज आणि भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, राज्याचे पुरातत्त्व संचालनालय आहे. जाणकारांची वाण नाही. खेड्यातून त्यांच्यापर्यंत जाणारी वाट तेवढी नाही.

ती वाट शाळेच्या ओसरीवरून जाऊ शकेल. नदीकाठच्या गावात शिक्षकाला पुष्कळदा सर्वांआधी कळते की कोणाच्या शेतात काय निघाले. मुले वर्गात नाणे घेऊन येतातच. एका वहीत तारीख, गाव, गट नंबर, बांधापासूनचे अंतर, खोली, बरोबर सापडलेली खापरे किंवा हाडे आणि नाण्याचे वजन एवढे लिहून ठेवले, दोन्ही बाजूंचे छायाचित्र घेतले, तर वस्तू पुढे कोठेही गेली तरी तिचा पत्ता मागे राहील. तहसील कचेरीतील लिपिकालाही यात काम आहे. वर्षानुवर्षे ‘मुद्देमाल’ म्हणून सीलबंद पडलेल्या थैल्यांची यादी करून ती पुरातत्त्व खात्याला पाठविणे त्याच्या लेखणीच्या आवाक्यातले आहे.

आणि मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. जुने नाणे सापडले की घरातली वडील माणसे प्रेमाने ते चिंचेने किंवा राखेने घासून लख्ख करतात. त्या हिरव्या-काळ्या पुटाखालीच अक्षरांचे उरलेसुरले उठाव तग धरून असतात. ते पूट खरवडले, की देवघरातल्या तांब्यासारखी चमकणारी एक गुळगुळीत चकती तेवढी हातात राहते. कोरड्या मऊ कुंचल्याने माती झटकावी, नाणे कागदात गुंडाळावे आणि त्या कागदावर गावाचे नाव लिहावे.